तुडुमाचं सातवं बूच

मी सातवं बूच बोलतोय. लाकडाचं, हातभर लांबीचं, एका टोकाला निमुळतं. माझं बहुतेक आयुष्य पाण्याखाली, गाळात गेलं, त्यामुळे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. एखादं साल चुकलं किंवा एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं तर सांभाळून घ्या. मला आठवतं पुष्कळ, पण ते बरोबर आठवतं की नाही याची खात्री मला कधीच नसते.

आधी माझी जागा सांगतो. चंद्रपूरहून मूलवरून सिंदेवाहीकडे जाताना जंगलाच्या कडेकडेनं जुने तलाव लागतात. सालेबोडी गावाचा तलाव त्यांतलाच एक. एक लांब मातीची पाळ, आणि त्या पाळीच्या पोटात पाणी सोडण्यासाठी बांधलेली दगडी विहीर. या विहिरीला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तुडुमाच्या तलावाकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत सात भोकं आहेत आणि प्रत्येक भोकात एक बूच. वरचं बूच काढलं की तेवढ्या उंचीपर्यंतचं पाणी तुडुमात पडतं, पाळीखालच्या नाळेतून पलीकडे निघतं आणि धानाच्या बांध्यांत जातं. ते संपलं की दुसरं बूच, मग तिसरं. असं सहाव्यापर्यंत.

सातवं काढायचं नाही.

ही गावची रीत होती. सहा भोकांचं पाणी धानाचं, सातव्याचं मासोळीचं. उन्हाळ्यात तलाव कितीही आटला तरी तळाशी एक डोह राहावा, त्यात मरळ आणि बोटरीच्या माद्या जगाव्यात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या पिल्लांनी तलाव पुन्हा भरावा, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे माझी नेमणूकच मुळी काही न करण्यासाठी झाली. माझे सहा भाऊ दर वर्षी बाहेर निघत, उन्हात वाळत, नव्या चिंध्या गुंडाळून पुन्हा बसत. मी आपला जागच्या जागी. आपण खरंच उपयोगी आहोत की उगाच एक भोक अडवून बसलो आहोत, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

मला घडवलं झाडू नावाच्या म्हाताऱ्या ढिवरानं, म्हणजे मासे धरणाऱ्यानं, एक्क्याण्णव साली. तुडुमाची दुरुस्ती चालली होती. जांभळाच्या एका जुन्या फांदीतून त्यानं सातही बुचं वाकसानं तासून काढली, कारण जांभूळ पाण्यात लवकर कुजत नाही. मला जवसाच्या तेलात इतरांपेक्षा चार दिवस जास्त भिजत ठेवलं. त्याची मुलगी रुखमाबाई शेजारी बसून जाळं विणत होती.

"बाबा, याच्यावर एवढी मेहनत काऊन? हे तं कोणी काढतच नाई."

"म्हणूनच वं," झाडू म्हणाला. "जे काढाचं नाई, ते गळाले नाई पायजे."

पहिली काही वर्षं बरी गेली. माझ्या पलीकडे पाणी, अलीकडे तुडुमातला ओलसर गारवा. पाळीवर माणसं येऊन बसत. दगडातून त्यांची बोलणी खाली उतरत, आणि त्यातून मला जगाची माहिती मिळे. सगळ्यात जास्त ऐकू येई ते भांडण. रुखमाबाई आणि लटारू यांचं.

लटारू धान पिकवायचा आणि तुडुमाची राखण त्याच्याकडे होती. कोणत्या दिवशी कोणतं बूच काढायचं ते तो ठरवी. रुखमाबाईला वाटे, हा पाणी फार लवकर सोडतो. लटारूला वाटे, ही बाई पाण्याची मालकीणच समजते स्वतःला. आणि दोघांच्या मध्ये लटारूच्या म्हशी. त्या दुपारी तलावात उतरून लोळत, आणि काठाच्या गवतात मरळीनं घातलेली अंडी तुडवत.

"लटारूभाऊ! हाकल तुह्या म्हशी! माह्या मासोळीची पिल्लं चिरडून राह्यल्या!"

"म्हशीले काय मी सांगून पाठवतो का, रुखमाबाई? तुह्या मासोळीनं पाटी लावाव, इथी येऊ नोका म्हणून!"

हे इतक्या वेळा ऐकलं होतं की ज्या दिवशी ते भांडत नसत त्या दिवशी मला काळजी वाटे.

चौऱ्याण्णव सालच्या पावसाळ्यात वरच्या डोंगरावरून एक मोठा लोंढा आला. तिथली झाडं आधीच तोडली गेली होती, त्यामुळे माती सैल होती. एका आठवड्यात तुडुमाच्या पायथ्याशी हात-दीड हात गाळ साचला आणि मी त्याखाली गेलो. दोन वर्षांनी मोजणीला माणसं आली. त्यांनी बांबू घालून भोकं मोजली. सहा भरली. पाळीवरच्या पाटीवर त्यांनी रंगानं लिहिलं, 'भोके सहा'. गावातल्या पोरासोरांनी तीच पाटी वाचली. झाडू आणि त्याच्या वयाची माणसं तोवर वारली होती. सातवं भोक आहे हे पक्कं ठाऊक असलेली माणसं दोनच उरली, आणि ती एकमेकांशी भांडत होती.

तुम्हाला वाटेल, मला विसरल्याचं दुःख झालं असेल. झालं थोडं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याला कुणी ओढतही नाही.

मग तो काळ आला.

दोन हजार दोनचा पावसाळा अर्धा झाला. तीनचा पाव. चारचा झालाच नाही. माझ्यावरचं पाणी उतरत गेलं तसं मला वरच्या जगातलं जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागलं, आणि जे ऐकू आलं ते ऐकू नये असं होतं. श्रावणात मोहाची पानं गळत होती. रानातली जनावरं दिवसाढवळ्या तलावावर येत होती. एकदा पाळीच्या एका टोकाला वाघ पाणी पीत होता आणि दुसऱ्या टोकाला बाया घागरी भरत होत्या. कुणी ओरडलं नाही. ओरडायला लागणारा जीव कुणाच्याच अंगात उरला नव्हता. दिवसा उन्हात बाहेर पडायला मनाई झाली. शाळा पहाटे भरायची आणि सूर्य वर येण्याआधी सुटायची, आणि नंतर भरायचीही बंद झाली.

मग पाणी-पथक निघालं. त्यांचा नियम असा, की जिल्ह्यातलं सगळं पाणी एक. जिथं आहे तिथून न्यायचं आणि जिथं माणसं जास्त तिथं द्यायचं. ज्या गावाकडे स्वतःचं पाणी उरलं नाही, ते गाव बंद. बंद म्हणजे घरांना सील, माणसं ट्रकमध्ये आणि ट्रक चंद्रपूरजवळच्या छावणीत. रस्त्यावरच्या गावाच्या नावाच्या पाटीवर डांबर फासत. आमच्या आजूबाजूची नऊ गावं अशी काळी झाली होती.

तलाव असलेल्या गावांसाठी एक वेगळं कलम होतं. तुडुमाच्या शेवटच्या भोकापर्यंतचं पाणी पथकाचं. त्याच्या खाली जे साठून राहील त्याला ते 'मृत साठा' म्हणत. ते गावाला सोडायचं, आणि तेवढं जरी असलं तरी गाव चालू ठेवायचं. मला तो शब्द ऐकून विचित्र वाटलं. सगळा जीव ज्यात उरला होता, त्याचंच नाव मृत.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. शेवटचं भोक सहावं असेल, तर सालेबोडी वाचणार होती. सातवं असेल, तर डोह रिकामा आणि त्रेचाळीस घरं छावणीत.

आणि मी गळत होतो.

हे कसं झालं ते सांगायला मला लाज वाटते, जरी चूक माझी नव्हती. निदान पूर्णपणे नव्हती. दोन हजार तीनच्या भाद्रपदात लटारूच्या बांधीतले पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, पिवळी पडत होती. सहावं बूच काढून झालं होतं आणि त्यातून येणारं पाणी संपलं होतं. तो एकटा कमरेइतक्या पाण्यात उतरला, बुडी मारून हातांनी गाळ उपसला आणि माझ्यापर्यंत पोहोचला. बारा वर्षांत माझ्या अंगाला लागलेला तो पहिला माणसाचा हात. त्यानं मला हलवलं. एकदा, दोनदा. मी चार बोटं सरकलो आणि माझ्या कडेनं पाणी सूं करून धावलं.

पाळीवरून रुखमाबाईचा आवाज आला. ती ओरडली नाही, हे मला जास्त लागलं.

"लटारूभाऊ," ती हळू म्हणाली, "माह्या बापानं बसवलेलं हाये ते."

लटारू पाण्यात तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "पऱ्हे मरून राह्यले, बाई."

"मरतीन. धान विकत भेटते. या मासोळीचं बी कुठी विकत भेटते, सांग मले?"

लटारू पुन्हा खाली वाकला. धोतराचा काठ फाडून त्यानं माझ्याभोवती गुंडाळला, दगडानं मला ठोकून पुन्हा बसवलं, वर गाळ लोटला. पण बारा वर्षं एका जागी फुगून बसलेलं लाकूड एकदा हललं की पूर्वीसारखं बसत नाही. त्या दिवसापासून पाळीपलीकडे नाळेच्या तोंडातून सुतळीएवढी धार वाहत राहिली. गावाला वाटलं, सहाव्याची चिंधी सडली असेल. दोघांनीही कुणाला काही सांगितलं नाही. आणि पुढचं वर्षभर ते भांडलेही नाहीत.

दोन हजार चारच्या कार्तिकात पथक सालेबोडीत आलं. चार टँकर, आणि मोजणीदार खुशाल. तो तिशीचा, अंगानं वाळलेला. चिडका वाटे, पण आवाज कधी चढवत नसे. त्याचं स्वतःचं गाव, मोहबोडी, आधीच बंद झालं होतं. त्याची आई छावणीत होती. हे तो कुणाला सांगत नसे, पण टँकरवाले सांगत.

आश्विनात एकच अवकाळी सर येऊन गेली होती आणि तिनं तलाव सहाव्याच्या थोडा वर चढला होता. तीन दिवस सहाव्या भोकातून पाणी निघत राहिलं आणि टँकर भरत राहिले. गावानं अडवलं नाही. छावणीतही आपल्यासारखीच माणसं आहेत हे त्यांना माहीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी सहाव्यातून येणारं पाणी थांबलं. तुडुमाच्या पायथ्याशी कमरेएवढा एक डोह उरला. त्यात किती मासे होते ते मी मोजू शकत नव्हतो, पण त्यांच्या शेपट्यांचा थरकाप गाळातून माझ्यापर्यंत येत होता.

"लिहून घ्या साहेब," सरपंच म्हणाले, "मृत साठा."

खुशाल पाळीपलीकडे गेला. नाळेच्या तोंडाशी वाकला.

"इथी हे शेवाळ कसं काय जमलं?"

"जुनी नाळ हाये," लटारू म्हणाला. "निथळते थोडी."

"सहावं तं रिकामं झालं. मंग हे पाणी कुठून येऊन राह्यलं?"

मला वाटतं, लटारूला याहून मोठं खोटं बोलता येत नव्हतं; आणि मला तर गळणं थांबवता येत नव्हतं. मी अंग फुगवून पाहिलं. लाकूड स्वतःच्या इच्छेनं फुगत नाही, हे मला माहीत होतं, तरी करून पाहिलं.

खुशालनं पिशवीतून एक जुना वर्तमानपत्राचा कागद काढला. "आता आठ वाजले. दुपारी चारपर्यंत मी इथीच बसतो. आधी निथळून जाऊ द्या. बाराले हा कागद नाळेखाली ठेवतो. चारले कागद कोरडा राह्यला, तं हे शेवटचं भोक. ओला झाला, तं खाली अजून एक भोक हाये, आणि मी ते खोदून काढीन. मंग मले दोष देऊ नोका."

बारा वाजायला चार तास होते. सगळं गाव पाळीवर गोळा झालं, पण बहुतेकांना वाटत होतं की ही नुसती वेळ घालवण्याची गोष्ट आहे. काय घडणार ते फक्त दोघांना ठाऊक होतं. आणि मला.

लटारू पाळीवर डोकं धरून बसला. खाली उतरून माझ्याभोवती चिंध्या कोंबाव्यात, तर खुशालच्या टँकरवाल्यांपैकी एक डोहाच्या काठावरच उभा होता. कुणी तुडुमापाशी हात घातला असता तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं.

दहाच्या सुमाराला गावात शिल्लक राहिलेल्या लटारूच्या चार म्हशी सवयीनं पाळीवरून खाली उतरल्या. हाडाच्या सापळ्यासारख्या झाल्या होत्या, पण डोहाचा वास त्यांना बरोबर येत असे. आणि तेव्हा, वर्षभरानंतर, रुखमाबाई ओरडली.

"लटारू गा! हाकल तुह्या म्हशी! दिसत नाई का तुले!"

लटारूनं मान वर केली. त्याला कळेना.

"मासोळी उरली एवढीशी, आणि याच्या म्हशी लोळाले आल्या! तिकडं नेऊ नोको! सांगून ठेवते, तुडुमाच्या पायथ्यापाशी नेऊ नोको! तिथी चिखल करतीन त्या! हा तलाव होय, तुह्या धानाची बांधी नोहे, चिखल कराले!"

मग लटारू उठला. त्यानं आयुष्यभर धान लावलं होतं. बांधीत नांगर आणि बैल फिरवून चिखल का करतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. चिखल घोटला की त्यातली बारीक माती भेगांमध्ये बसते आणि बांधी पाणी सोडत नाही.

"माह्या म्हशी कुठी बसतीन ते मी ठरवीन!" तो ओरडला, आणि त्याच्या आवाजात मला जुना जोर ऐकू आला. काठी घेऊन तो डोहात उतरला आणि चारही म्हशींना हाकत थेट तुडुमाच्या पायथ्याशी घेऊन आला.

"पाहा साहेब, पाहा! मुद्दाम नेते मेला!" रुखमाबाईनं टँकरवाल्याला हाक मारली. "तुमी तरी सांगा याले!"

टँकरवाला हसत होता. "बाई, म्हशीले ऊन लागून राह्यलं. बसू द्या जराशा."

"तुमी बी त्याचेच!"

पुढचे दोन तास मी कधी विसरणार नाही. माझ्या डोक्यावर सोळा खूर. पाणी दाट झालं, मग कालवणासारखं झालं. गाळ ढवळला गेला, त्यातली वाळू खाली बसली आणि मऊ, चिकट, काळी माती पाण्यात तरंगू लागली. माझ्या कडेनं जी धार आत खेचली जात होती, तिनंच ती माती ओढून आणली. एक एक कण. मी घाबरलो होतो, कारण म्हशीचा एक पाय नीट माझ्यावर पडला असता तर मी आतच ढकलला गेलो असतो आणि सगळं संपलं असतं. एकदा पडलाही. मी हललो. पण नुकती बसलेली माती माझ्याबरोबर हलली आणि परत जागेवर आली.

वर भांडण चालूच होतं. दोघं दमत नव्हती. गावातली माणसं हसायला लागली होती. मला कळलं की त्यांना ते भांडण ऐकून बरं वाटत होतं. खूप दिवसांनी काहीतरी पूर्वीसारखं होत होतं.

बाराला खुशालनं नाळेखाली कागद पसरला आणि चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. लटारूनं म्हशी बाहेर काढल्या. रुखमाबाई गप्प झाली. पहिला थेंब साधारण साडेबाराला पडला असावा, कारण खुशाल म्हणाला, "एक पडला." पुन्हा बऱ्याच वेळानं, "दोन." माझ्या आत कुठंतरी अजून पाणी झिरपत होतं. ते कुठून येतंय हे मला सापडत नव्हतं. मी तिसऱ्याची वाट पाहत होतो. तो आला नाही. पण न येण्याला शेवट नसतो. पुढच्या क्षणी येईल, असं प्रत्येक क्षणी वाटत राहतं.

चार वाजता खुशालनं कागद उचलला. दोन गोल डाग होते, तेही उन्हानं वाळलेले. त्यानं कागद बोटांनी चाचपला, गालाला लावून पाहिला.

"नाळेतलंच होतं," तो म्हणाला. "भोकं सहा. मृत साठा, कमरेएवढा." मग वही मिटता मिटता लटारूकडे वळला. "आणि त्या बाईचं ऐकत जा जरा. डोहात म्हशी नेऊ नोका."

टँकर गेले. त्रेचाळीस घरांत चुली पेटल्या. मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. सैल वाटलं, पण सैल होणं मला परवडणारं नव्हतं.

त्यानंतर एक गोष्ट मला बरेच दिवस खुपत राहिली. तो डोह छावणीत गेला असता तर काही माणसांना दोन-तीन दिवस पुरला असता. ती दोन-तीन दिवसांची तहान मी अडवली. मी मनाशी हिशेब मांडून पाहिला, मासे एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला. तो कधीच जुळला नाही. मी काही लबाडी केली नाही, फक्त जागेवर राहिलो, असं स्वतःला सांगत असे. ते खरं होतं का, कोण जाणे.

दोन हजार पाचला पाऊस आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. मी पाहिला नाही. माझ्यावर वजन वाढत गेलं, एवढंच मला ठाऊक. रोज थोडं. एक दिवस ते वजन ओळखीचं झालं.

भाद्रपदात खुशाल आला. या वेळी टँकर नव्हता. सायकलच्या कॅरिअरवर दोन अल्युमिनियमचे गंज, म्हणजे मोठी पातेली, बांधलेले होते. त्याच्या मोहबोडीच्या पाटीवरचं डांबर घासून काढलं होतं, माणसं छावणीतून परत येत होती आणि तलावही भरला होता. पण मागच्या वर्षी त्या तलावाचं शेवटचं भोक त्यानंच उघडलं होतं. पाण्यात एक मासोळी नव्हती.

तो पाळीवर रुखमाबाईसमोर उभा राहिला. मान खाली.

"बाई, थोडी पिल्लं पायजे होती. मरळीची. माह्या आईच्या घरापुढं सारे ढिवरच हायेत. बसून हायेत बिचारे."

रुखमाबाईनं लटारूकडे पाहिलं.

"साहेब, भोकं सात हायेत," लटारू म्हणाला.

खुशालचा आवाज चढला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तवा काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी काढलं असतं."

"काढलंच असतं! माही माय होती तिथी छावणीत! तिले पाणी पुरत नोहतं!"

"ठाऊक होतं," रुखमाबाई म्हणाली. ती उठून त्याच्या जवळ गेली असावी, कारण तिचा आवाज अगदी हळू झाला. "ठाऊक होतं, बापा. म्हणून तं सहा भोकांचं पाणी देताना आमी तोंडातून शब्द काढला नाई. सातवं देता येत नोहतं. ते दिलं असतं तं आज तू गंज घेऊन कोणाकडं गेला असता?"

खुशाल पाळीवर बसला. रडला की नुसता बसला, ते खाली कळलं नाही. थोड्या वेळानं लटारू म्हणाला, "चाल गा. गंज आण." तिघंही पाण्यात उतरली. त्या दिवशी दोन्ही गंज भरून पिल्लं मोहबोडीला गेली. नंतर आणखी गावांतून माणसं आली. रुखमाबाईनं कुणालाही रिकाम्या हातानं पाठवलं नाही, लटारूच्या म्हशींना मात्र ती अजूनही शिव्या देते.

जाण्याआधी खुशालनं विचारलं होतं, "ते सातवं दाखवता का मले?"

लटारूनं त्याचा हात धरून पाण्याखाली गाळात नेला. खुशालची बोटं माझ्या डोक्यावर टेकली. मी श्वास रोखला असता, जर मला श्वास असता. त्यानं मला ओढलं नाही. नुसतं चाचपलं, जसा तो कागद चाचपला होता. मग वर येऊन त्यानं ओल्या हातानंच वही उघडली, सहाचा आकडा खोडला, सात लिहिला, आणि पुढच्या रकान्यात काय लिहितोय ते मोठ्यानं म्हणाला, म्हणून मला ऐकू आलं.

"सातवे भोक. न उघडण्यासाठी."

त्याला आता चार वर्षं झाली. माझ्याभोवतीची माती घट्ट आहे. मी तपासत असतो, दिवसातून बऱ्याचदा, आणि अजून तरी कुठं ओल सापडलेली नाही. पावसाचा भरवसा मला पूर्वीसारखा वाटत नाही. ज्यानं एकदा तीन वर्षं पाठ फिरवली तो पुन्हा फिरवणार नाही असं कसं म्हणू? पण कागदावर आता माझी नोंद आहे, आणि ती का आहे हे गावातल्या पोरांना माहीत आहे. पाटीवर त्यांनीच नवा आकडा रंगवला.

तुम्ही कधी एखाद्या जुन्या तलावावर गेलात, तर पाटीवर विसंबू नका. पाण्यात उतरा, भोकं हातानं मोजा. सगळ्यात खालचं सापडलं की त्यावर हात ठेवा, ते बसलेलं आहे का पाहा, आणि हात काढून घ्या. एवढंच. आम्हाला बाकी काही लागत नाही.

पलीकडे आत्ता एक मरळ पिल्लांचा घोळका घेऊन गेली. माझ्या अंगाला त्यांच्या हालचालीची नुसती गुदगुली झाली. सगळं ठीक आहे, असं वाटतं.

मी बसून आहे.